भिंतीवरचे एक्केचाळीस फरक

सत्य एकच असतं आणि ते एकाच जागी असतं.

हे वाक्य माझं नाही. आमच्या नागपूरच्या दाणी सरांचं आहे. दहा फूट बाय सहा फुटांच्या फ्लेक्सवर छापून ते यवतमाळच्या ऑफिसात आलं आणि त्याची गुंडाळी गाडीच्या टपावर बांधायचं काम माझ्याकडं आलं. वाक्याखाली उजव्या कोपऱ्यात दाणी सरांचा हात जोडलेला फोटो होता. दोरी थोडी आखूड पडली, त्यामुळे गुंडाळीचं तेवढंच टोक मोकळं राहिलं. महागावपर्यंत सर मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना नमस्कार करत आले.

फ्लेक्सबरोबर माझ्या पर्समध्ये एक कागदही होता. त्यावर चिंचदरीच्या शेषराव आडेंची सही घ्यायची होती. शेषराव तिथले व्हॉल्वमन. म्हणजे गावाचं पाणी सोडणारे आणि बंद करणारे. सही झाली की त्यांचं सतरा वर्षांचं काम संपणार होतं.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला.

पाणीपुरवठ्याच्या यंत्रणा चालवणाऱ्या एका खासगी कंपनीत मी सॉफ्टवेअर सांभाळते. फुलसावंगीच्या बाजूला नऊ गावांची एक नळयोजना आमच्याकडं आहे. प्रत्येक गावच्या टाकीशेजारी एक पंपघर, आणि पंपघरात एक पॅनल. पॅनल म्हणजे भिंतीला ठोकलेली लोखंडी पेटी आणि तिच्यात एक छोटा कॉम्प्युटर. कुठल्या वस्तीचा व्हॉल्व किती वाजता उघडायचा आणि किती मिनिटांनी बंद करायचा, याची यादी त्या कॉम्प्युटरात असते. तिला आम्ही कॉन्फिग म्हणतो. यादी म्हटलं तरी चालतं, पण यादी सांभाळायला कोणी इंजिनीअर ठेवत नाही.

पूर्वी नऊ गावांच्या नऊ याद्या नऊ ठिकाणी होत्या. कुठं काय चाललंय ते त्या त्या गावच्या व्हॉल्वमनला माहीत असायचं, आणि विचारलं की तो सांगायचा. दाणी सरांना ही पद्धत मागासलेली वाटली. म्हणून सगळ्या याद्या एका रिपॉझिटरीत आणायच्या ठरल्या.

रिपॉझिटरी म्हणजे असं रजिस्टर समजा, ज्यातलं काहीच खोडता येत नाही. बदल करायचा तर खाली नवी नोंद करायची: कोणी बदललं, कधी बदललं, काय बदललं आणि का बदललं. अशी नोंद करण्याला कमिट करणं म्हणतात. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कॉम्प्युटर स्वतःच लिहितो. ‘का’ तेवढं माणसानं लिहायचं असतं. आमच्या ऑफिसच्या नोंदींत त्या जागी ‘फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’, ‘फायनल’ आणि ‘फायनल दोन’ असं सापडतं. दाणी सर ‘चर्चेनुसार’ असं लिहितात. चर्चा कोणाशी झाली हे रजिस्टरला माहीत नाही.

याद्या एकसारख्या राहाव्यात म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती रोज मध्यरात्री प्रत्येक पॅनलची यादी रिपॉझिटरीतल्या यादीशी ताडून बघायची. फरक दिसला की पॅनलवरची यादी काढायची, रिपॉझिटरीतली तिच्या जागी बसवायची आणि त्या गावाच्या नावावर एक ड्रिफ्ट मांडायची. ड्रिफ्ट म्हणजे फरक. काढलेली यादी मी फेकून देत नसे, एका कोपऱ्यात जपून ठेवत असे. फेकायची भीती वाटते म्हणून. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

मार्च आणि एप्रिल अशी दोन महिने चाचणी चालली. एक मेला उद्घाटन होतं. त्या दिवसापासून हेच काम दर पंधरा मिनिटांनी होणार होतं. म्हणजे गावात कोणी काही बदललं तरी पाव तासात ते पुसलं जाणार.

एप्रिल संपत आला तेव्हा दाणी सरांचा फोन आला.

“मॅडम, चिंचदरीचे ड्रिफ्ट किती?”

“एक्केचाळीस.”

“आणि बाकी आठ गावांचे मिळून?”

“सात.”

“म्हणजे प्रॉब्लेम यंत्रणेत आहे की माणसात?”

दाणी सर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर आधीच स्लाइडवर असतं.

“त्या आडेंकडून लिहून घ्या,” ते म्हणाले. “यंत्रणेत वारंवार हस्तक्षेप केला, असं. सही घ्या. उद्घाटनाला कार्यकारी अभियंता साहेब येणार आहेत. त्यांना दाखवता आलं पाहिजे की आपण शिस्त लावतो. एक तारखेपासून त्यांचं नाव कॉन्ट्रॅक्टमधून काढू.”

“सर, आधी कारण विचारू का त्यांना?”

“कारण रिपॉझिटरीत आहे?”

“नाही.”

“मग कारण नाही.”

“आणि उद्घाटनाच्या सूचनांची मेल पाठवलीय, ती सगळ्या ग्रामपंचायतींना फॉरवर्ड करा,” असं त्यांनी सांगितलं. मी बोलता बोलताच ती फॉरवर्ड करून टाकली.

चिंचदरीला पोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि पंपघराच्या पत्र्याला हात लावण्याची सोय नव्हती. शेषराव दारातच बसले होते. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खिशात पॅनलची चावी आणि कोळशाचा एक तुकडा.

“या मॅडम. आधी पानी घ्या. आपलंच हाये.”

मी पाणी प्यायले आणि कागद काढला. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिऊन झाल्यावर असा कागद काढणं बरं दिसत नाही, हे लक्षात आलं तेव्हा तो काढून झाला होता.

“कुठं करू सही?” त्यांनी विचारलं.

“आधी वाचून तर घ्या.”

“सतरा वर्षांत शंभर कागदांवर सह्या केल्या मॅडम. एक बी वाचला नाई. वाचला असता तर नोकरीच केली नसती.”

म्हणून मीच वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला. मध्ये एकदा दुपट्टा सोडून पुन्हा बांधला.

“शेषराव, दोन महिन्यांत तुम्ही एक्केचाळीस वेळा पॅनलवरची वेळ बदलली आहे.”

“बरोबर हाये. एक्केचाळीस.”

“तुम्हाला आकडा कसा माहीत?”

“म्हंजे? लिवलं हाये ना.”

त्यांनी मला आत नेलं. पॅनलच्या बाजूची अख्खी भिंत कोळशानं लिहिलेल्या ओळींनी भरलेली होती. वरच्या ओळी जुन्या, धूसर. खाली येता येता ठळक. अक्षर बारीक आणि सरळ. मी ओळी वाचायला लागले.

‘तारीख सात. तांडा, तीस मिनिट जास्त. चव्हाणच्या घरी लगन. सुनंदाताईले विचारलं.’

त्याखाली: ‘तारीख आठ. तांडा, तीस मिनिट कमी. कालचे वापस.’

बरंच खाली: ‘तारीख एकवीस. शाळेकडची वस्ती, पंधरा मिनिट जास्त. फवारणीच्या पंपाची टाकी फुटली, पोरीचे डोळे धुतले, मग घर धुतलं. कोणाले विचारलं नाई, टाइम नव्हता.’

सुनंदाताई म्हणजे गावच्या सरपंच. मी ओळीमागून ओळ वाचत गेले. प्रत्येक बदलाला तारीख होती, वस्ती होती, मिनिटं होती, कारण होतं आणि कोणाला विचारलं तेही होतं. ज्या वस्तीला जास्त पाणी दिलं, तिचं पुढच्या एक-दोन दिवसांत तेवढंच कापलेलं होतं. टाकीतलं पाणी तेवढंच, म्हणून गावाचा हिशेब कुठंच बिघडत नव्हता. माझ्या स्क्रिप्टनं मात्र देणं हा एक गुन्हा मोजला होता आणि परत घेणं हा दुसरा.

“बाकीच्या गावांत लग्नं होत नाहीत का?” मी विचारलं. “आठ गावांत मिळून सात ड्रिफ्ट आहेत.”

शेषराव हसले नाहीत, पण त्यांचा दुपट्टा थोडा हलला.

“बाकीचे हुशार हायेत मॅडम. थे पॅनलले हातच लावत नाईत. खाली व्हॉल्वचं चाक हाये ना जुनं, थे हातानं फिरवतात. तुमच्या मशीनले काय दिसते? काईच नाई. मले वाटलं, येवढी मशीन देली तर वापरा बाप्पा.”

नऊ गावांत आमची यंत्रणा मनापासून वापरणारा एकच माणूस होता आणि त्याला काढायचा कागद माझ्या हातात होता. चाकांची माहिती मी कुठंही कमिट केली नाही. हे बरोबर नाही, मला मान्य आहे.

मी कागद परत पर्समध्ये ठेवला. “गुरुवारी लॅपटॉप घेऊन येते,” मी म्हणाले. “ही भिंत पूर्ण उतरवून घेऊ. आत्ता एक फोटो काढते.”

“थांबा,” शेषराव म्हणाले. त्यांनी दुपट्टा काढला, केसांवरून ओला हात फिरवला आणि भिंतीसमोर बरोबर मध्यभागी सावधानमध्ये उभे राहिले. बाजूला व्हा म्हणायचा मला धीर झाला नाही. अशा चेहऱ्याच्या माणसाला कोणी बाजूला व्हा म्हणत नाही. शिवाय गुरुवारी यायचंच होतं.

निघताना फ्लेक्स ग्रामपंचायतीत उतरवला. दाणी सरांना मेसेज केला की सही व्हायची आहे. हे खरं होतं.

गुरुवारी गेले तर शेषराव पुन्हा दारातच बसलेले. या वेळी ते पाणी घ्या म्हणाले नाहीत. मी आत डोकावले. भिंत पांढरीशुभ्र होती. चुन्याचा वास अजून ओला होता. ओळी जिथं होत्या तिथं आता फ्लेक्स लावलेला होता: सत्य एकच असतं आणि ते एकाच जागी असतं.

“हे कोणी केलं?”

“पंचायतीनं. वरून मेल आलती म्हने.”

मी मोबाईल काढून ती मेल उघडली. पहिल्यांदाच. सूचना क्रमांक सात: ‘पंपघराच्या भिंती आतून-बाहेरून स्वच्छ व एकसारख्या कराव्यात. भिंतींवर काहीही लिहिलेले नसावे.’ मेल पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

“तुमचं नाव पाहून लवकर केलं मॅडम,” शेषराव म्हणाले. “नाईतर पंचायत कधी चुना मारते?”

हा टोमणा होता की निव्वळ माहिती, ते मला आजही कळलेलं नाही.

“सतरा वर्षांचं होतं ना सगळं?”

“जुनं तर पावसानंच जात व्हतं. त्याचं काई नाई. या दोन महिन्यांचं पाह्यजे व्हतं.” ते उठले. “द्या तो कागद. ऊन वाढून राह्यलं, तुमाले यवतमाळले जायाचं हाये. माह्याकडं आता दाखवाले काय हाये?”

त्यांनी हात पुढं केला. त्यांच्याजवळ पेनही होता, खास आणलेला. त्या क्षणी मला स्वतःबद्दल जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी कागद दिला नाही, एवढंच सांगते.

मी मोबाईलमधला फोटो मोठा करून बघितला. मधोमध शेषराव, ताठ, प्रसन्न. त्यांच्या डाव्या खांद्यापलीकडं सहा ओळी वाचता येत होत्या आणि उजव्या खांद्यापलीकडं नऊ. बाकीच्या सव्वीस शेषरावांच्या मागं होत्या.

तेव्हा मला स्क्रिप्टचा तो कोपरा आठवला. पॅनलवरून काढलेली प्रत्येक यादी मी जपून ठेवलेली होती. म्हणजे एक्केचाळीसही वेळा कुठल्या वस्तीचं पाणी किती मिनिटांनी वाढलं किंवा कमी झालं, हे तारखेसकट माझ्याकडं होतं. फक्त ‘का’ नव्हतं. आणि ‘का’ भिंतीवरून गेलं असलं तरी गावातून कुठं जाणार होतं?

“सुनंदाताईंना बोलावता?” मी म्हणाले. “आणि मार्चपासून ज्यांनी ज्यांनी जास्तीचं पाणी मागितलं त्यांना.”

“मंग सगळं गावच येईन.”

गाव आलं. पंपघरासमोरच्या लिंबाखाली मी लॅपटॉप घेऊन खुर्चीवर, शेजारी सुनंदाताई, आणि समोर तीसेक माणसं. सुनंदाताईंनी उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं: “शेषरावभाऊची नोकरी चालली. आपापलं पानी आठवा अन् खरं सांगा.”

मी वाचायला सुरुवात केली.

“मार्च, तेरा तारीख. शाळेकडची वस्ती, चाळीस मिनिटं जास्त.”

“माह्या स्लॅब!” मागून एकानं हात वर केला. “टाकला तर त्याले पानी पाजा लागते ना?”

“आणि चौदाला चाळीस कमी.”

“थे बी माह्यंच. पूर्ण वस्तीच्या शिव्या खाल्ल्या त्या दिवशी. घरच्या वेगळ्या.”

मी दोन्ही लिहिलं.

“मार्च, अठरा. खालची वस्ती, पंचवीस मिनिटं जास्त.”

लोकांनी बोटांवर तारखा मोजल्या. मग पुढं बसलेल्या कौसाबाई म्हणाल्या, “तेरवी व्हती ना.”

“कोणाची?”

“माह्या बुढ्याची. आनखी कोनाची?”

“तेरवी,” मी टाईप केलं.

“बुंदी चांगली झालती म्हना. थे बी लिवा.”

“काकू, ते कशाला?”

“तुमी कारन इचारलं ना? बुंदी चांगली झाली म्हून लोक जास्त बसले. लोक बसले म्हून पानी लागलं.”

यात तर्क होता. मी लिहिलं.

“एप्रिल, चौदा. विहाराकडची वस्ती, एक तास जास्त.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“मॅडम,” एक जण म्हणाला, “हे बी इचारा लागते काय?”

मी मुकाट्यानं ‘जयंती’ लिहिलं.

असं दोन तास चाललं. दोन भावांनी एकाच वीस मिनिटांवर हक्क सांगितला. एकाचं बारसं होतं आणि दुसऱ्याचा कूलर. सुनंदाताईंनी निकाल दिला की पाणी बारशाचं, कूलर त्यातच भरून घेतला. शेषराव बाजूला लिंबाला टेकून उभे होते आणि कोणी चुकीचं सांगितलं की फक्त मान हलवायचे. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. पण स्वतःच्या बाजूनं स्वतः बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. मोबाईलमधल्या पंधरा ओळींशी मी पडताळून पाहिलं. सगळ्या जुळल्या.

चाळीस झाले. एक उरला.

“एप्रिल, नऊ. खालची वस्ती, सकाळी अकरा वाजता, वीस मिनिटं जास्त.”

पुढच्या तारखांत मी शोधून पाहिलं. हे वीस मिनिटांचं पाणी कधीच परत कापलेलं नव्हतं. दोन महिन्यांची सगळी जास्त-कमी मिनिटं मांडून पाहिली, तेव्हाही बरोबर वीस मिनिटांचा फरक उरला.

“कोणाचं हे?”

सुनंदाताईंनी शेषरावांकडं बघितलं. शेषरावांनी लिंबाकडं.

“राहू द्या ना थे मॅडम.”

“शेषराव, एक जरी राहिलं तरी सर म्हणतील तेवढ्याच एकासाठी सही घ्या.”

“सांगा ना भाऊ, आता कायले लाजता?” सुनंदाताई म्हणाल्या. मग त्या माझ्याकडं वळल्या. “मॅडम, तुमचे साहेब आलते ना उद्घाटनाची जागा पाहाले? कच्च्या रस्त्यानं गाडीले लई धूळ लागलती. डायवर म्हने, धुऊन द्या. यायनं पाइप लावून देला.”

“मग ते कापलं का नाही नंतर?”

आता मात्र शेषराव बोलले. “कोनाचं कापू? वस्तीनं तर वापरलंच नाई. अन् नागपूरचं इथून कसं कापनार?”

‘व्हीआयपी भेट’ असं लिहिता आलं असतं. ‘चर्चेनुसार’ही लिहिता आलं असतं.

“जे हाये थे लिवा,” शेषराव म्हणाले. “मी बी तसंच लिवलं व्हतं.”

मी लिहिलं: ‘नागपूरच्या साहेबांची गाडी धुतली. वीस मिनिटं. वापस बाकी.’

जुनी नोंद बदलता येत नाही, पण तिच्याखाली नवी जोडता येते. त्या दुपारी मी एक्केचाळीसही फरकांखाली एक्केचाळीस कारणं कमिट केली, सांगणाऱ्याच्या नावासकट. मग दाणी सरांना मेल केली: ‘चिंचदरीच्या नोंदींत कारणे जोडली आहेत. उद्घाटनापूर्वी कृपया वाचावीत.’ दोन मिनिटांत उत्तर आलं. अंगठा.

एक मेला पंपघरासमोर मांडव पडला. कार्यकारी अभियंता साहेब आले, झेंडावंदन उरकून, म्हणून थोडे दमलेले. मोठ्या टीव्हीवर रिपॉझिटरी उघडलेली होती. दाणी सरांनी भाषण केलं.

“ही यंत्रणा काहीही विसरत नाही,” ते म्हणाले. “कोणी, कधी, काय आणि का. सगळं इथं आहे. उदाहरण म्हणून आपण शिस्त नसलेलं एक गाव बघू.”

त्यांनी चिंचदरीवर क्लिक केलं.

कार्यकारी अभियंत्यांनी चष्मा लावला आणि वरून वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज सरकारी होता. सगळं एकाच पट्टीत. ‘स्लॅबला पाणी. चाळीस मिनिटं.’ ‘स्लॅबचे वापस.’ ‘तेरवी. बुंदी चांगली झाली म्हणून लोक जास्त बसले.’ इथं ते क्षणभर थांबले आणि पुढं गेले. ‘फवारणीच्या पंपाची टाकी फुटली, मुलीचे डोळे धुतले.’ इथं जरा जास्त थांबले.

“दाणी, ही शिस्त नसलेली?” त्यांनी विचारलं. “बाकी गावांची दाखवा.”

दाणी सरांनी दुसरं गाव उघडलं. कोरं. तिसरं उघडलं. तिथं एकच नोंद होती आणि तिच्यात कारण नव्हतं.

“यांच्याकडं दोन महिन्यांत कोणाचं लग्नच झालं नाही?”

“सर, तिथं यंत्रणेचं पूर्ण पालन...”

“परत इथलं लावा.”

ते चिकाटीनं वाचत एप्रिलपर्यंत आले. “‘नागपूरच्या साहेबांची गाडी धुतली. वीस मिनिटं. वापस बाकी.’” त्यांनी चष्मा काढला. “कोणते साहेब?”

दाणी सरांनी माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीच्या वायरीकडं बघितलं. शेवटी कौसाबाईंनी पंपघराच्या उघड्या दारातून आत बोट दाखवलं.

“हे काय, हात जोडून हायेत ना.”

कार्यकारी अभियंत्यांनी फ्लेक्सकडं बघितलं आणि बराच वेळ बघितलं. मग त्यांनी शेषरावांना पुढं बोलावलं.

“हे सगळं तुम्ही लिहून ठेवलं होतं?”

“व्हय साहेब. भिंतीवर.”

“भिंत बघू.”

“मागच्या हप्त्यापर्यंत व्हती साहेब.”

साहेबांनी चष्मा खिशात ठेवला. दाणी सरांना एवढंच म्हणाले, “यांना लॉगिन द्या. आणि बाकी आठ गावांना हे कसं लिहायचं ते यांच्याकडून शिकवून घ्या.” मग नारळ फुटला.

सहीचा कागद पुन्हा कोणी मागितला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी नंतर भाजीची यादी केली. शेषरावांचं कॉन्ट्रॅक्ट पुढं सुरू राहिलं, नव्या पदनामानं: ‘स्थानिक कॉन्फिगरेशन समन्वयक’. काम तेच. लॉगिनही मिळालं. पण मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये कारणाच्या जागी पन्नासच अक्षरं बसतात आणि पन्नास अक्षरांत तेरवी होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून ते आता भिंतीवर लिहितात आणि फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी तो वाचते आणि रिपॉझिटरीत कमिट करते. मग पंधरा मिनिटांच्या आत तीच यादी परत चिंचदरीच्या पॅनलवर उतरते, जे शेषरावांपासून दोन फुटांवर आहे. याला सिंक म्हणतात. पूर्वी हे काम ते दोन मिनिटांत करायचे. फोटोत ते अजूनही असतात, पण आता एका कडेला.

नऊ एप्रिलची नोंद अजून उघडी आहे. वीस मिनिटं, वापस बाकी.

या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकले: मेल फॉरवर्ड करण्याआधी उघडून वाचावी. दाणी सरही बहुधा तेच शिकले असावेत. हल्ली ते अंगठा पाठवत नाहीत.

फ्लेक्स अजून पंपघरात आहे. तो काढायची सूचना कोणत्याच मेलमध्ये आलेली नाही. शेषराव त्याच्या मागच्या भिंतीवरच लिहितात, कारण तिथं ऊन येत नाही आणि हात लागून कोळसा पुसला जात नाही. या महिन्याच्या नोंदी बघायच्या असतील तर फ्लेक्सचा उजवा कोपरा, हात जोडलेल्या दाणी सरांसकट, वर उचलून धरावा लागतो.